लहानपणी भाजलं होतं, हे हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं का?

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. सहा वर्षांची असताना उकळत्या पाण्याचं पातेलं अंगावर सांडलं. छाती, पोट आणि उजवा दंड भाजला. तीन महिने दवाखान्यात होते, दोनदा मांडीची कातडी काढून छातीवर लावली. तेव्हाचे कागद आता सापडत नाहीत. हल्ली जिना चढताना धाप लागते, रात्री ठोके जाणवतात. बीपी दोनदा १४०/९०च्या आसपास आलं. भाजल्याचं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा आता काय संबंध?" खरंच नसतो का?
— एक वाचक

उत्तर : संबंध असू शकतो, आणि तुम्ही विषय काढलात हे फार चांगलं केलंत. मी स्वतः कितीतरी वर्षं पेशंटना मधुमेह, तंबाखू, आईवडिलांचा हृदयविकार असं सगळं विचारत आले. 'कधी भाजलं होतं का?' हे मात्र विचारत नव्हते. आता विचारते.

शरीराचा मोठा भाग भाजला की अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि हृदय दिवसरात्र पळत राहतं. कातडी भरून आली की हे थांबतं, असं आपण धरून चालतो. पण ज्या मुलांचं चाळीस टक्क्यांहून जास्त अंग भाजलं होतं, त्यांच्यात हा ताण दोन-तीन वर्षांनंतरही मोजता आला आहे. म्हणून अशा मुलांना ठोके आवरायला प्रोप्रॅनोलॉल हे औषध बऱ्याच ठिकाणी देतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या सर्जन फिओना वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० पासूनच्या दवाखान्यातल्या नोंदी जोडून पाहिल्या. लहानपणी भाजून दाखल झालेली मुलं पुढे हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांसाठी इतरांपेक्षा जास्त वेळा दाखल झाली होती.

हे वाचून घाबरू नका. तो कल हजारो माणसांचा आहे, त्यावरून तुमच्या एकटीच्या हृदयाचं काही ठरत नाही. तुमच्या धापेला हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडही कारण असू शकतं. शिवाय छातीवरचा व्रण आकसलेला असेल तर बरगड्या पुरत्या फुलत नाहीत आणि श्वास अपुरा वाटतो. डॉक्टरांना तो व्रण हात लावून पाहायला सांगा. कपड्यावरून तपासलं तर हे कळत नाही.

बीपी उजव्या हाताला मोजलं होतं का? व्रणावर बांधलेल्या पट्ट्याच्या आकड्यावर मी विसंबणार नाही. पाच मिनिटं शांत बसून डाव्या हाताला मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, आणि लिहून ठेवा. ईसीजीची चिकटपट्टी व्रणावर नीट बसत नाही. ती थोडी सरकवावी लागली तर कुठे लावली ते कागदावर नोंदवायला सांगा, नाहीतर आलेख चुकीचा वाचला जातो. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदा कराच. लहानपणी खूप भाजलेल्या काही तरुणांमध्ये हृदयाचा डावा कप्पा पुरेसा सैल होत नाही, असं दिसलं आहे, आणि ते ईसीजीत कळेलच असं नाही. साखर आणि कोलेस्टेरॉलही बघून घ्या.

कागद हरवले तरी अंगावरचे व्रण आहेत. बोटांसकट आपला तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. व्रणांवर किती तळहात बसतात ते मोजा. मांडीवरचे चट्टे त्यात धरू नका. तिथून कातडी घेतली होती, तिथे भाजलं नव्हतं.

व्यायाम बंद करू नका. तपासण्या होईपर्यंत सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगानं चाला. रोपण केलेल्या कातडीला घाम फारसा येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता कोंडते. चालायला गारव्याची वेळ निवडा आणि चक्कर आली तर लगेच थांबा. छातीत दाटून वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, शुद्ध हरपली किंवा आडवं पडल्यावर गुदमरलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.

पुढच्या भेटीत एक चिठ्ठी न्या : "वय ६, उकळतं पाणी, अंदाजे इतके टक्के, दोनदा त्वचारोपण, तीन महिने दाखल." ती फाइलला लावायला सांगा. पुन्हा "काय संबंध?" असं ऐकावं लागलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. सात दिवसांचे आकडे आणि इकोचा रिपोर्ट मला पाठवलात तर मी नक्की पाहीन.