पॉलिहाऊस करण्याआधी कुंड्या मोजा

आपण लिहिले आहे की सांगलीत विश्रामबागेतील गच्चीवर ४ आमरींपासून (ऑर्किडपासून) सुरू झालेला छंद ३०० कुंड्यांवर गेला, रोज सकाळचे दोन तास नुसते पाणी घालण्यात जातात, डेंड्रोबियम जातीच्या आमरींवरचा पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी रसशोषक कीड) हटत नाही, आणि आता उरलेली गच्चीही प्लॅस्टिकने झाकून मोठे पॉलिहाऊस करावे का, असा प्रश्न आहे. मी साताऱ्यात बरीच वर्षे आमरी वाढवते; त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत आहे की सध्या करू नये.

दोन तासांत ३०० कुंड्या म्हणजे एका कुंडीच्या वाट्याला २४ सेकंद येतात. तेवढ्यात पाणी घालून होते, झाड पाहून होत नाही, आणि पिठ्या ढेकणाचे नेमके तिथेच फावते. माझ्याकडे १८० कुंड्या असताना एका रोपवाटिकेतून आणलेले डेंड्रोबियम मी त्याच दिवशी इतर झाडांत टांगले. महिनाभराने त्याच्या कांडीवरचे वाळलेले, कागदासारखे आवरण नखाने सोलले, तेव्हा आत कापसाच्या पिंजलेल्या धाग्यासारखी पांढरी ओळ दिसली, आणि खालून मुंग्यांची रांग चढत होती. तोवर शेजारची बहुतेक झाडे बाधित झाली होती. तेव्हापासून नवे झाड महिनाभर जिन्यात वेगळे राहते.

प्लॅस्टिकबद्दल सांगायचे, तर सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, आणि बंद प्लॅस्टिकखाली आत आलेले ऊन अडकून राहिल्याने बाहेरच्यापेक्षा आतच जास्त तापते. वारा खेळला नाही की पावसाळ्यात शेंड्यात साचलेले पाणी सुकत नाही आणि फॅलेनॉप्सिस या आमरीचा गाभा कुजतो. आपली हिरवी जाळी (शेडनेट) आणि चारही बाजूंनी मोकळी हवा हीच आपल्या हवामानात योग्य आहे.

आधी बाधित झाडे दूर ठेवा. वाळलेली आवरणे काढून सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने सांधे पुसा आणि दर आठवड्याला असे किमान चार वेळा करा, कारण अंड्यांतून नवी पिल्ले निघतच राहतात. एखादे झाड कुंडीतून काढून मुळेही पाहा. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा; या किडीचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या तिला जपतात.

मग संख्या ठरवा. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहता येतील एवढीच झाडे ठेवावीत. माझ्या बाबतीत तो आकडा ७० निघाला. कमी करताना मला फार वाईट वाटले, विशेषतः स्वतः विभागून वाढवलेल्या रोपांचे, परंतु उरलेल्या झाडांनी पुढच्या हंगामात जो बहर दिला तो आधी कधी पाहिला नव्हता. एकाच जातीची पाच झाडे असतील तर त्यांतले सर्वांत सशक्त ठेवा. फॅलेनॉप्सिस पूर्वेच्या खिडकीत घरातच बरे राहते. नवी खरेदी तूर्त पूर्ण थांबवा, आणि कासच्या बाजूच्या रानातून तोडून आणलेली आमरी कोणी स्वस्तात देऊ केली तरी मुळीच घेऊ नका. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि झाडावरून ओरबाडलेली आमरी गच्चीवर क्वचितच जगते.

जादा झाडे परिचितांना अवश्य द्या, परंतु शेवटच्या उपचारानंतर महिनाभर कांडीवर, पानांखाली आणि मुळांत पांढरा ठिपकाही दिसला नाही, तरच कुंडी घराबाहेर जाऊ द्या.