पहिल्या दीर्घिकांवर पीएचडी

प्रश्न: एम.एस्सी. भौतिकशास्त्र करते आहे. विश्वाच्या आरंभकाळातील दीर्घिकांवर पुण्यात पीएचडी करता येईल का?

उत्तर: जरूर. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या दोन संशोधन संस्था, दोन्हींचा विचार करा. प्रवेशपरीक्षेत खगोलशास्त्राहून पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आणि सांख्यिकी भौतिकीचाच कस लागतो. विद्यार्थी तिथेच अडतात. सोबत पायथन शिका, जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची खुली निरीक्षणं हाताळा. मात्र निव्वळ रंगांवरून काढलेल्या ताम्रसृतीवर (प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचं माप; जितकी जास्त, तितकी दीर्घिका दूरची आणि आधीच्या काळातली) विसंबू नका. सुमारे १६ ताम्रसृतीची वाटलेली एक दीर्घिका २०२३ मध्ये वर्णपटावरून ४.९ चीच निघाली. धूळ आणि ठळक उत्सर्जनरेषांनी चकवलं होतं.

रेडिओकडे ओढा असेल तर पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहेच. त्या आरंभकाळातल्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्‌झची रेडिओ रेषा ८.५ ताम्रसृतीहून १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास पोचते. आपल्याच आकाशगंगेचं उत्सर्जन तिच्या हजारो पट प्रखर असतं, ते वजा करणं हेच खरं अवघड काम.