फी वाढली, आता काय करायचं?

प्रश्न : ताई, मुलगी नागपुरातच खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. कुलगुरू म्हणाले खर्च वाढला, फी वाढणारच, पालकांनी समजून घ्यावं. बर्डीवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पोरं फीची पावती घेऊन येतात आणि आकडा बघून गप्पच होतात बाप्पा, लई जीव तुटतो. आम्ही काऊन समजून घ्यायचं?

उत्तर : भाऊ, तुमचा राग एकदम बरोबर आहे, खर्च वाढला म्हणता तर हिशोब दाखवा ना, पगार किती, लॅबवर किती, हे विचारायचा हक्क पालकांना आहेच. खासगी विनाअनुदानित प्रोफेशनल कोर्सची फी २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तर त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजची मंजूर फी बघा आणि पावतीशी एकेक ओळ ताडून पाहा, जास्त घेतली असेल तर लेखी तक्रार करा. आणि मुलीची ऍडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून आहे का? ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) असाल आणि घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४पासून मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरा, उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका.