टूरिस्ट व्हिसावर दीड वर्ष जास्त राहून भाऊ भारतात परतला, बायको अमेरिकन नागरिक. 10 वर्षांच्या बंदीतून सूट कशी मिळेल?

मिळू शकते, पण वेव्हरचा, म्हणजे बंदीतून सूट मागण्याचा अर्ज ही पहिली पायरी नाही. आधी वहिनींनी नवऱ्यासाठी भरलेला आय-130 हा नात्याचा अर्ज मंजूर व्हावा लागतो, मग मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत इमिग्रंट (कायम राहण्याच्या) व्हिसाची मुलाखत. तिथे अधिकारी बंदीचं कारण देऊन नकार देतात, त्यानंतर आय-601 हा वेव्हरचा अर्ज भरायचा. तो वकिलातीत नाही, यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) जातो. आय-601ए हा वेव्हरचाच दुसरा अर्ज भावाच्या कामाचा नाही. तो अर्ज अमेरिकेत असतानाच भरावा लागतो.

खरी मेख पुढे आहे. सूट द्यायची का हे ठरवताना भावाचे हाल मोजत नाहीत, वहिनींचे मोजतात. मुलांचेही थेट नाही, मुलांमुळे वहिनींवर पडणारा भार मात्र मांडता येतो. नुसता विरह पुरत नाही, तो सगळ्यांनाच असतो. त्यांचं आजारपण, कर्ज, त्यांच्यावर अवलंबून असलेले आईवडील, भारतात आल्यास बुडणारी नोकरी, हे सगळं कागदोपत्री दाखवा. त्या तिकडे एकट्या राहिल्या तर काय आणि इकडे आल्या तर काय, दोन्ही बाजू लिहा.

आणि मुलाखतीत जास्त राहिल्याचं लपवू नका. खोटं बोलल्याचा ठपका ही वेगळी बंदी आहे, आणि ती 10 वर्षांनी आपोआप संपत नाही.