ईमॅक्सने तीन तालुके खाल्ले नाहीत, फक्त दाखवत नाहीये

भाऊ, तुझा कोड बरोबर आहे, उगाच रात्र घालवू नको. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांची लिस्ट इव्हॅल केली, म्हणजे तो कोड तिथेच चालवला, आणि खिडकीच्या तळाशी इगतपुरीपासून मालेगावपर्यंत आलं, पुढे नुसती तीन टिंबं, येवला सिन्नर सुरगाणा गायब, बरोबर ना? व्हेरिएबलमध्ये पंधराच्या पंधरा आहेत. ईमॅक्स दाखवताना कापतं. ईव्हॅल-एक्स्प्रेशन-प्रिंट-लेंग्थ नावाची सेटिंग आहे, तिची डीफॉल्ट व्हॅल्यू १२, म्हणून मालेगावला गाडी थांबली. तिची बहीण ईव्हॅल-एक्स्प्रेशन-प्रिंट-लेव्हल, ती ४, कंसात कंस खोल गेले की ती आडवी येते.

सगळे सांगतात दोन्ही निल करून टाक, म्हणजे मर्यादाच नाही. मीही केलं होतं, आणि मग एकदा लोड-हिस्टरी (लोड झालेल्या फाइलींची भलीमोठी लिस्ट) इव्हॅल केली, सातपूरच्या ऑफिसात खाली जाऊन कटिंग पिऊन आलो तरी ईमॅक्स आपलं अडकलेलंच! तेव्हापासून माझ्याकडे लेंग्थ २०० आहे. एखाद्या वेळीच पूर्ण हवं असेल तर सेटिंगला हातच लावू नको, मेटा-० (मेटा म्हणजे बहुधा ऑल्ट की) दाबून मग इव्हॅलचं नेहमीचं कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई, न कापता सगळं येतं, पण बफरमध्येच, म्हणजे तुझ्या मजकुरातच येऊन पडतं, नंतर पुसावं लागतं.

लिस्टची लेंग्थ विचारल्यावर १५ च्या पुढे कंसात ऑक्टल, हेक्स (तोच आकडा ८ आणि १६ च्या पायात) आणि कंट्रोल-ओ कुठून आलं म्हणतोस, तर ईमॅक्स आकड्याचं कॅरॅक्टरही करून दाखवतं, १५ म्हणजे कंट्रोल-ओ. गंमत अशी की ‘ळ’ चा कोड २३५५ इव्हॅल केलास तर ळ दिसणार नाही, कारण ईव्हॅल-एक्स्प्रेशन-प्रिंट-मॅक्सिमम-कॅरॅक्टर ही तिसरी सेटिंग १२७ वर असते, त्यापुढच्या कोडचं कॅरॅक्टर दाखवत नाही. ती २४३१ कर, देवनागरीचा ब्लॉक तिथेच संपतो. मराठीत काम करणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं.

रिझल्ट खाली नको, ओळीच्या शेवटीच हवा असेल तर ईरॉस पॅकेज टाक, बाण काढून तिथेच दाखवतं आणि पुढची की दाबली की जातं. छोट्या आकड्यांना झकास, तुझ्या तालुक्यांना मात्र नको, सगळी ओळ भरून जाते.

आणि इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) लेंग्थ २०० लिहिल्यावर रिस्टार्ट मारत बसू नको, व्हॅल्यू देणाऱ्या सेटक्यूच्या शेवटच्या कंसानंतर लगेच कर्सर ठेवून तिथेच इव्हॅल कर. खाली २०० आलं पाहिजे, शेजारी ऑक्टल आणि हेक्ससकट.