गोव्यात दरवर्षी दोन-तीन महिने राहायचे असल्यास टाइमशेअर घ्यावे की भाड्याचे घर?

मुक्काम सलग दोन-तीन महिन्यांचा असेल, तर भाड्याचे घरच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. टाइमशेअरमध्ये, म्हणजे पैसे भरून घेतलेल्या रिसॉर्टच्या सभासदत्वात, बहुधा वर्षाकाठी सात दिवसांचा वापरहक्क मिळतो, खोलीची मालकी नव्हे. शिवाय आपण आलात वा न आलात तरी वार्षिक देखभाल शुल्क भरावेच लागते, ते कालांतराने वाढत जाते आणि सभासदत्व पुढे विकायला काढल्यास गिऱ्हाईक सहजासहजी मिळत नाही. काणकोण किंवा पेडणे तालुक्यातील किनाऱ्यालगत जून ते सप्टेंबर या पावसाळी काळात घरभाडी उतरतात. डिसेंबरअखेरीस मात्र (नाताळच्या कृपेने) ती अवाच्या सवा चढतात. लेखी करार आणि पोलिसांकडील भाडेकरू पडताळणी टाळू नये. दरवर्षी ठरावीक सुट्टीत आठवडाभरच यायचे असेल, तर टाइमशेअरचा विचार करता येईल.