ॲलिस २ मध्ये साठवलेल्या पोझ वापरून पात्र चालवणे आणि बसवणे

आपण लिहिले आहे की आपल्या सातवीतील भाचीला ॲलिस २ मध्ये, म्हणजे त्रिमितीय पात्रांना सूचना देऊन प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक छोटी गोष्ट उभी करायची आहे. मुलगी बागेतून चालत येते, बाकावर बसते आणि हाक ऐकू आल्यावर उठते. प्रत्येक पायासाठी वेगवेगळ्या ‘टर्न’ (भाग वळवण्याच्या) सूचना लिहिल्यावर त्या सेहेचाळीस ओळी झाल्या. म्हणून कोणीतरी सुचवल्याप्रमाणे ‘कॅप्चर पोझ’ (पात्राची त्या क्षणीची अवस्था साठवण्याची सोय) वापरून पाहिले, तेव्हा ओळी कमी झाल्या. पण मुलगी प्रत्येक पावलाला गचका खाऊन थांबते, बसल्यावर तिची पावले जमिनीपासून वर तरंगतात आणि उठल्यावर तिचा एक खांदा कलंडलेला राहतो. या तिन्ही तक्रारींचे मूळ माझ्या मते एकच आहे. साठवलेली पोझ ही हालचाल नसते, तो हालचालीतला एक थांबा असतो. दोन थांब्यांमधील प्रवास किती वेळात, कोणत्या गतीने आणि संपूर्ण शरीर कोठे नेऊन करायचा, हे आपल्याला निराळे सांगावे लागते.

पोझमध्ये नेमके काय साठते, हे आधी स्पष्ट करून घेऊ. ॲलिसमधील पात्र हे एकमेकांना जोडलेल्या भागांचे झाड असते: धडाला दंड, दंडाला पुढचा हात, त्याला पंजा, तसेच मांडीला नडगी आणि नडगीला पाऊल. पोझ साठवताना यातला प्रत्येक भाग ज्या भागाला जोडला आहे त्याच्या संदर्भात कोठे आणि कोणत्या दिशेला आहे, एवढीच नोंद होते. पात्र स्वतः बागेत कोठे उभे आहे, कोणाकडे तोंड करून आहे किंवा जमिनीपासून किती उंचीवर आहे, यांतले काहीही पोझमध्ये नसते. म्हणूनच एकदा साठवलेली पोझ त्या पात्राला रंगमंचावर कोठेही घेता येते आणि म्हणूनच बसण्याची पोझ घेताना ते पात्र आपोआप खाली येत नाही. हाताने चित्रे काढून चलचित्र करण्याच्या काळात मुख्य चित्रकार मोजक्या महत्त्वाच्या अवस्था काढत असे आणि मधली चित्रे साहाय्यक भरत असत. येथे आपण मुख्य चित्रकार आहोत आणि संगणक साहाय्यक आहे. तो मधले सर्व काही इमानेइतबारे भरतो, मात्र स्वतःची अक्कल चालवत नाही.

खांदा कलंडण्याचा उपाय सर्वांत सोपा असल्याने तो आधी सांगतो. पात्र दृश्यात आणल्याबरोबर, त्याच्या एकाही भागाला हात लावण्यापूर्वी, प्रॉपर्टीज या टॅबमधील ‘कॅप्चर पोझ’ दाबावे आणि त्या पोझला लगेच ‘उभी’ अशा अर्थाचे नाव द्यावे. दंड उलटा तितकाच फिरवून पूर्ववत उभे राहण्याचा प्रयत्न मुले नेहमी करतात आणि त्यात कोठेतरी एखादा अंश राहून जातो. परत येण्यासाठी ‘सेट पोझ’ने ‘उभी’ मागावी, म्हणजे हिशेब ठेवावाच लागत नाही. नावे देण्याचा आळस मात्र करू नये. एका सुट्टीतील वर्गात मुलांनी पोझना मिळालेली आपोआप नावे तशीच राहू दिली होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली डावा पाय पुढे असलेली कोणती, हे शोधण्यातच आमचा अर्धा तास गेला. याशिवाय पोझ तयार करताना पात्र दृश्यात वाकलेले राहून गेले, तर प्ले दाबल्यावर गोष्टही त्याच अवस्थेतून सुरू होते. म्हणून मुख्य मेथडची, म्हणजे प्ले दाबल्यावर चालणाऱ्या सूचनांच्या संचाची, पहिली ओळ ‘उभी’ ही पोझ शून्य सेकंदात घेण्याची ठेवावी.

पोझ तयार करण्यासाठी ‘अफेक्ट सबपार्ट्स’वर खूण करून माउसने भाग ओढता येतात, परंतु त्यात डावीकडील आणि उजवीकडील कोन कधीच सारखे येत नाहीत. त्याऐवजी झाडातील त्या भागावर उजवी कळ दाबून मेथड्समधून ‘टर्न’ निवडावे आणि नेमका आकडा द्यावा. कोन येथे पूर्ण फेऱ्याच्या भागात मोजतात, त्यामुळे पाव फेरा म्हणजे ९० अंश. एक गोष्ट सर्वांनाच चकवते: पाय पुढे उचलण्यासाठी मांडीला ‘बॅकवर्ड’ वळवावे लागते. पुढे वळणे म्हणजे वरचा भाग पुढे झुकणे. मांडी वरच्या टोकाशी खिळलेली असल्याने तिचे खालचे टोक मागे जाते. भाचीला स्वतःच्या हातात पेन्सिल वरून धरून हे करून पाहायला सांगा, लगेच पटेल.

आता चालणे. चार पोझ पुरतात: उजवे पाऊल पुढे टेकलेले, डावा पाय गुडघ्यात दुमडून शेजारून जात असलेला, डावे पाऊल पुढे टेकलेले आणि उजवा पाय शेजारून जात असलेला. गचका येतो तो पोझमुळे नव्हे, तर ‘स्टाइल’मुळे. प्रत्येक सूचनेची स्टाइल मुळात ‘जेंटली’ असते, म्हणजे हालचाल हळू सुरू होते आणि हळू थांबते. चार पोझ ओळीने लावल्या की पात्र प्रत्येक पोझला थांबून पुन्हा निघते. मधल्या सर्व पोझना ‘अब्रप्टली’ द्यावे. नाव धसमुसळे असले तरी त्याचा अर्थ एकसारखी गती एवढाच आहे. जोडीने येणाऱ्या, संपूर्ण पात्र सरकवणाऱ्या ‘मूव्ह’लाही तीच स्टाइल आणि तोच कालावधी हवा, नाहीतर धड एका गतीने आणि पाय दुसऱ्या गतीने जातात.

पाऊल घसरताना दिसते, ते अंतर अंदाजाने दिल्यामुळे. समजा पायाची लांबी ०.८ मीटर आहे (पायाचा भाग निवडून फंक्शन्समधील उंची विचारली की ती कळते) आणि पाऊल टेकलेल्या पोझमध्ये एक पाय २० अंश पुढे व दुसरा २० अंश मागे आहे, म्हणजे प्रत्येकी सुमारे ०.०५५ फेरा. तेव्हा दोन पावलांतले अंतर ०.८ च्या दुपटीला २० अंशांच्या साइनने गुणून जवळपास ०.५५ मीटर येते. एक पाऊल दोन पोझमध्ये पुरे होत असल्याने प्रत्येक पोझबरोबर ०.२७ मीटर पुढे जावे. शिवाय पाय फाकले की शरीर थोडे खाली येते. येथे ते सुमारे ०.०५ मीटर भरते. म्हणून पाऊल टेकताना तेवढे ‘डाउन’ आणि पाय शेजारून जाताना तेवढेच ‘अप’. पोझ, पुढे जाणे आणि वर-खाली होणे या तीन सूचना एकाच वेळी चालवणाऱ्या ‘डू टुगेदर’मध्ये, प्रत्येकी ०.३ सेकंदाच्या ठेवाव्यात आणि असे चार गट एकामागून एक चालवणाऱ्या ‘डू इन ऑर्डर’मध्ये लावावेत. चार गटांत १.२ सेकंद जातात आणि मुलगी १.१ मीटर पुढे येते. सातवीच्या मुलीला साइन अजून आलेले नसेल, तर पाऊल टेकलेली पोझ देऊन दोन टाचांमधले अंतर दृश्यात वरून पाहून मोजले तरी काम होते. ‘उभी’ या पोझमधून निघताना पहिले आणि थांबताना शेवटचे पाऊल अर्धेच असते, एवढे विसरू नये.

बसण्याची गोष्ट अधिक रंजक आहे. बसलेल्या पोझसाठी दोन्ही मांड्या पाव फेरा ‘बॅकवर्ड’ आणि दोन्ही नडग्या पाव फेरा ‘फॉरवर्ड’ वळवल्या की आकार हुबेहूब बसल्याचा येतो, पण कंबर जेथल्या तेथे राहून पावले मांडीच्या लांबीइतकी वर उचलली जातात आणि तितकीच पुढे सरकतात. आपल्याला उलट हवे असते: पावले जागेवर आणि कंबर खाली व मागे. मांडी ०.४ मीटर असेल, तर पोझबरोबरच ०.४ खाली आणि ०.४ मागे जाण्याच्या सूचना द्याव्या लागतात. अर्थात त्यापूर्वी मुलगी बाकाकडे पाठ करून उभी हवी.

एवढे केल्यावरही बारकाईने पाहिले तर बसण्याच्या मध्यावर पावले जमिनीत बुडताना दिसतील. कारण मांडी वर्तुळात फिरते आणि ‘मूव्ह’ सरळ रेषेत नेते. मांडी ४५ अंशांवर आलेली असताना कंबर खरे तर केवळ ०.१२ मीटर खाली आणि ०.२८ मीटर मागे गेलेली असायला हवी. सरळ रेषेच्या हिशेबाने ती दोन्हीकडे ०.२ झालेली असते, म्हणजे पावले ८ सेंटिमीटर मातीत. यासाठी मध्ये ‘अर्धी बसलेली’ अशी एक पोझ साठवावी. पहिल्या टप्प्यात ०.१२ खाली व ०.२८ मागे, दुसऱ्या टप्प्यात ०.२८ खाली व ०.१२ मागे. मग चूक फार तर ३ सेंटिमीटर उरते आणि ती गवतात कोणाला दिसत नाही. पहिल्या टप्प्याला हळू सुरू होऊन एकदम संपणारी आणि दुसऱ्याला एकदम सुरू होऊन हळू संपणारी स्टाइल दिली की मध्ये थांबल्यासारखे वाटत नाही. बसताना माणूस थोडा पुढे झुकतो. तो झुकाव अर्ध्या पोझमध्ये फक्त धडाच्या वरच्या भागाला द्यावा. संपूर्ण पात्र झुकवले तर ते पोझमध्ये साठत नाही आणि पात्राची स्वतःची ‘खाली’ ही दिशाही तिरपी होते.

उठणे म्हणजे हेच टप्पे उलट्या क्रमाने: आधी ०.२८ वर व ०.१२ पुढे जात ‘अर्धी बसलेली’, मग ०.१२ वर व ०.२८ पुढे जात ‘उभी’. आता खांदाही आपोआप जागेवर येईल.

पोझ सगळीकडे चालतात असे मात्र नाही. हात पूर्ण गोल फिरवायचा असेल, तर सुरुवातीची आणि शेवटची पोझ एकच असल्याने संगणकाच्या दृष्टीने करण्यासारखे काही उरत नाही. तेथे एक फेऱ्याची ‘टर्न’च हवी. दोन पोझमध्ये भाग जवळच्या मार्गाने वळतो, मग त्या मार्गात पोट आले तरी हात पोटातून जातो. अशा वेळी मध्ये एक वळसा घेणारी पोझ घालावी. आणि पोझ सर्व भागांवर हक्क सांगत असल्यामुळे चालता चालता निराळ्या ‘टर्न’ने हात हलवायला सांगितले, तर दोन सूचना एकाच हातासाठी भांडतात व धड एकीचेही होत नाही. हात हलवत चालायचे असेल, तर हात हलवण्याच्या अवस्था चालण्याच्या पोझमध्येच घालून त्यांचा वेगळा संच साठवावा. लेझीमसारख्या ठराविक ठेक्यांच्या हालचालींना मात्र पोझ फारच शोभतात, कारण तेथे प्रत्येक ठेका हा मुळातच एक थांबा असतो.

केवळ चालणेच हवे असेल आणि पात्र कोणतेही चालणार असेल, तर गॅलरीतील ‘ही बिल्डर’ आणि ‘शी बिल्डर’ यांनी बनवलेल्या पात्रांना चालण्याची तयार मेथड मिळते. तरी भाचीने एकदा स्वतः चालवून पाहावे असे मला वाटते, कारण बसवताना तो हिशेब उपयोगी पडतो. ॲलिस ३ मध्ये भागांऐवजी सांधे असतात, त्यामुळे येथली बटणे तेथे जशीच्या तशी सापडणार नाहीत. कोन आणि अंतर यांचा हिशेब मात्र तोच राहतो.

‘पाऊल टाक’, ‘बस’ आणि ‘ऊठ’ अशा तीन मेथड त्या पात्राच्याच नावाखाली केल्यात, तर मुख्य गोष्ट सात-आठ ओळींत मावेल. शेवटी बाकाची उंची तपासा. वरच्या हिशेबात बसलेल्या मुलीच्या मांड्यांची उंची नडगी आणि पाऊल मिळून जेवढी होते तेवढीच असते. बाक त्याहून उंच असेल, तर पोझमध्ये खाडाखोड करत बसू नका. माउसच्या रिसाइझने बाकच लहान करा.